आडवी बाटली आणि शंभर उंबरठे

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला 1724 मध्ये मोठी लढाई झाली. निजाम-उल-मुल्कने मुघल सरदार मुबारिझखानाला हरवले, खान तिथेच पडला, आणि विजयाच्या भरात निजामाने गावाचे नाव फतेहखेर्डा करून टाकले. इंग्रजांच्या गॅझेटियरपर्यंत ते नाव टिकले, कागदावर. गावकरी मात्र साखरखेर्डाच म्हणत राहिले. शेजारी म्हणेल तेच आपण म्हणायचे, या साध्या रीतीपुढे निजामाचा हुकूमही चालला नाही. समूहाचे मत कसे बनते याचे गणित मांडणारे या रीतीपासूनच सुरुवात करतात.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्र शासनाच्या 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर परवान्याचे दारू दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते. बंद हवे असेल तर आडव्या बाटलीवर शिक्का, चालू हवे असेल तर उभ्या. यात पहिली अडचण सह्यांची. समजा, साखरखेर्ड्यासारख्या गावातल्या एखाद्या वस्तीत शंभर बाया आहेत. दारू जवळपास कोणालाच नको आहे. तरी कागद पुढे केला की प्रश्न येतो, "पहिले कोण्या कोण्या बायांच्या सह्या झाल्या?"

हा प्रश्न मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1978 मध्ये आकड्यांत बसवला. त्याचे उदाहरण दंगलीचे होते. आपण सह्यांचे घेऊ. प्रत्येकीचा एक उंबरठा असतो. एक बाई कोणाची वाट पाहत नाही, तिचा उंबरठा शून्य. दुसरीला एक सही आधी दिसायला हवी, तिसरीला दोन, चौथीला तीन. अशी साखळी लागली तर पंचवीस काय, शंभर सह्या होतील. आता फक्त चौथीचा उंबरठा तीनऐवजी चार करा. दुकानदार तिचा दीर लागतो, एवढेच. तीन सह्या होतात आणि कागद तिथेच अडतो. बाकी नव्व्याण्णव जणी होत्या तशाच आहेत. बाहेरून बघणारा मात्र म्हणेल, "या गावात बायांना दारूचे काही वाटत नाही." माझ्या मते निम्मे राजकीय अंदाज इथेच फसतात.

अर्थात सगळ्या सह्या सारख्या वजनाच्या नसतात. बचत गटाच्या अध्यक्षबाईची एक सही दहा जणींना पुरते. मॉरिस डीग्रूट या संख्याशास्त्रज्ञाने 1974 च्या आपल्या मांडणीत कोण कोणाच्या मताला किती वजन देतो, याचाच हिशेब धरला होता.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक. मतदान गुप्त, म्हणजे साखळीची गरज संपली असे वाटेल. पण बाटली आडवी व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. बाराशे नावे असतील तर किमान 601. नऊशे बाया आल्या आणि त्यातल्या 590 जणींनी आडवीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच पारड्यात जाते. शिक्का कोणाला दिसत नाही. केंद्रावर कोण गेले ते सगळ्या गल्लीला दिसते. दुकान वाचवू पाहणाऱ्याला मते फिरवायची गरजच नाही, बायांना घरातून निघू दिले नाही की झाले. म्हणजे उंबरठ्यांचे गणित केंद्राच्या वाटेवर पुन्हा सुरू.

कोणाचा उंबरठा किती, हे आधी मोजायचे यंत्र कोणाकडे नाही. विचारले तर बाई खरे सांगेलच असेही नाही. पण मतदानाची तयारी करणाऱ्या बायांनी मला सल्ला विचारला, तर मी म्हणेन, ज्या ठाम आहेत त्यांनी दुपारची वाट पाहू नये, सकाळीच एकत्र निघावे. निंदणाहून परतणारी बाई रांग बघूनच ठरवते, केंद्रात शिरायचे की सरळ घर गाठायचे.