इमारतींतील गॅसवाहिन्या : भिंतीआड जाण्यापूर्वीची तपासणी



गॅस सिलिंडरातून आलेला असो की भिंतीवरील नळीतून, शेगडीवरील ज्योत दोन्हीकडे निळीच असते आणि म्हणून गृहिणीला या दोहोंत विशेष अंतर जाणवत नाही. अंतर आहे ते ज्योतीच्या अलीकडे. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो. गळती लागलीच तर तो केव्हातरी संपतो. वाहिनीला असा अंत नाही. झडप बंद केल्याखेरीज गॅस येतच राहतो, आणि त्या वाहिनीवर एकट्या बिऱ्हाडाची सत्ता नसते. तळमजल्यावरील उपाहारगृहाने केलेली चूक चौथ्या मजल्यावर झोपलेल्या कुटुंबाला भोवू शकते. वाहिनी कोणी बसवावी, कशी बसवावी आणि ती कोणी व केव्हा तपासावी, हा प्रश्न घरमालकाच्या मर्जीवर न सोडता नगरपालिकांनी नियमांच्या कक्षेत का आणला, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

नळाने येणारा गॅस आपल्या देशाला अगदीच अपरिचित नाही. मुंबईत १८६५ साली दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर रस्त्यांवरील दिवे उजळू लागले. वडोदऱ्याच्या महानगरपालिकेने १९७२ मध्ये नैसर्गिक वायू घरोघर पोचविण्यास आरंभ केला. पाण्याच्या नळाबरोबर गॅसचा नळही पालिकेनेच पुरवावा, ही त्या काळी आपल्याकडे अपूर्व गोष्ट होती. संसदेने २००६ साली केलेल्या कायद्यान्वये पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ अस्तित्वात आले आणि शहरी गॅसपुरवठ्याच्या सुरक्षिततेविषयीचे तांत्रिक विनियम २००८ मध्ये निघाले. गोव्यात ही सोय अलीकडील वर्षांत येऊ लागली आहे. तेव्हा ज्या इमारती गॅसवाहिनीचा विचार न करता बांधल्या गेल्या, त्यांच्या अंगावर आता या वाहिन्या चढत आहेत, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

वाहिनीतून येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे गळाला की छताकडे चढतो. सिलिंडरातील गॅस हवेपेक्षा जड असतो व जमिनीलगत साचतो. सिलिंडर वापरणाऱ्या घराने खालच्या झरोक्याची काळजी घ्यावयाची, तर वाहिनी घेतलेल्या घराने वरच्या. हा साधा भेद पुष्कळांना ठाऊक नसतो आणि काहीजण वाहिनी आल्यावर छताजवळचा झरोका पंख्याच्या वा कपाटाच्या सोयीसाठी बुजवून टाकतात.

हवेत या वायूचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के झाले म्हणजे एका ठिणगीने भडका उडतो. शेगडीकडे येणाऱ्या वायूचा दाब मात्र अगदी अल्प, २१ मिलिबार एवढाच असतो. पाण्याच्या भाषेत सांगावयाचे तर जेमतेम एका वितीएवढा उभा पाण्याचा स्तंभ तो दाब तोलून धरील. एवढ्या क्षीण दाबाचे भय ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व तितकेच उंच स्वयंपाकघर घेतले तर त्यात २७ घनमीटर हवा मावते, आणि दीड घनमीटरहून कमी वायू तेथे मिसळला तरी धोक्याची मर्यादा गाठली जाते. दाब कमी असला तरी बंद खोलीत रात्रभराचा अवधी असतोच.

या वायूला स्वतःचा गंध नाही. आपल्याला जो उग्र दर्प येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा. या प्रथेमागे एक दारुण इतिहास आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेने खर्च वाचविण्यासाठी तेलकंपनीच्या वाहिनीतील टाकाऊ, गंधहीन वायू जोडून घेतला होता. इमारतीखालच्या पोकळीत तो गळून साचला आणि १८ मार्च १९३७ रोजी एका ठिणगीने शाळा उद्ध्वस्त झाली. तीनशेच्या आसपास बळी गेले, आणि त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर वायूला गंध देणे तेथे कायद्याने बंधनकारक झाले.

सांध्याची एक हकीकतही सांगण्याजोगी आहे. पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत रहिवाशांना खुली होऊन दोनच महिने झाले होते. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावरील एका बाईने चहासाठी शेगडी पेटविली, आणि स्फोट होऊन इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसे दगावली. चौकशीत आढळले ते असे की शेगडीची नळी जोडणारी पितळेची एक चाकी कमी दर्जाची होती आणि ती तुटली होती. इमारतीच्या रचनेतही गंभीर दोष होते, हे खरे. पण आरंभ झाला तो त्या चाकीपासून.

नियम आणि तपासणी यांचा खरा संबंध काय, हे पाहावयाचे तर न्यूयॉर्क शहराकडे वळावे लागते. तेथे नियम होते, परवाने होते, तपासनीसही होते आणि तरीही अनर्थ घडला. तो का घडला, हे न्यायालयापुढे तपशिलाने उघड झाले असल्यामुळे ते उदाहरण विस्ताराने पाहणे उचित होईल.

त्या शहरात गॅसवाहिनीचे काम परवानाधारक प्लंबरनेच करावयाचे, त्यासाठी इमारत विभागाची अनुज्ञा घ्यावयाची, काम झाल्यावर दाबाची चाचणी द्यावयाची आणि विभागाने संमती दिल्यावरच गॅसकंपनीने पुरवठा सुरू करावयाचा, असा क्रम आहे. सेकंड ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्यावरील एका इमारतीत तळमजल्यावर उपाहारगृह व वर भाड्याची बिऱ्हाडे होती. २०१४ च्या ऑगस्टमध्ये उपाहारगृहासाठी मंजूर झालेल्या वाहिनीला लवचीक नळ्या लावून वरच्या बिऱ्हाडांना चोरून गॅस दिला जात असल्याचे कंपनीला आढळले व पुरवठा तोडण्यात आला. रीतसर काम पुरे करून मान्यता मिळविण्यास वेळ लागणार होता आणि भाडेकरू तर थांबणारे नव्हते. अभियोगपक्षाने न्यायालयात मांडलेली हकीकत अशी की मालकाने शेजारच्या इमारतीतून आणखी एक चोरटी जोडणी करून घेतली आणि तपासणीच्या वेळी ती बंद करून दृष्टीआड ठेवली. कागदोपत्री ज्या परवानाधारक प्लंबरचे नाव होते, त्याने आपला परवाना दुसऱ्या बिनपरवाना माणसाला वापरू दिला होता.

२६ मार्च २०१५ रोजी दुपारी कंपनीचे तपासनीस आले. त्यांनी नवे काम पाहिले, ते अपुरे ठरविले आणि ते निघून गेले. चोरटी जोडणी त्यांच्या दृष्टीस पडली नाही. त्यानंतर तासाभराच्या आत स्फोट झाला. आगीत तीन इमारती कोसळल्या आणि दोन तरुण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एकजण त्या उपाहारगृहात काम करीत होता व दुसरा तेथे जेवावयास आला होता. २०१९ मध्ये ज्युरीने मालक, कंत्राटदार व तो बिनपरवाना कारागीर या तिघांना मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले.

या प्रकरणात नियमाचा अभाव होता असे म्हणता येणार नाही. तपासनीस आले होते, त्यांनी आपले काम केले होते आणि नापसंतीचा शेराही दिला होता. मात्र जे दाखविले गेले तेवढेच त्यांनी पाहिले. तपासणी ही आपल्याच घराची राखण आहे, हे विसरून तिच्याकडे अडथळा म्हणून पाहिले, की अडथळा चुकविण्याची वाट शोधली जाते. नव्या जोडणीच्या वेळी एकदा तपासले की पुढे कोणी फिरकावयाचे नाही, या पद्धतीतील उणीवही त्याबरोबर उघडी पडली. आदल्याच वर्षी त्याच शहराच्या ईस्ट हार्लेम भागात भूमिगत वाहिनीच्या गळतीतून स्फोट होऊन आठजण मरण पावले होते. या दोन्ही आघातांनंतर नगरपरिषदेने २०१६ साली गॅसविषयक कायद्यांची एक मालिकाच संमत केली.

त्यांतील १५२ क्रमांकाचा कायदा नियतकालिक तपासणीचा आहे. एक-दोन कुटुंबांची घरे वगळून इतर इमारतींतील उघड्या गॅसवाहिन्या दर चार वर्षांनी परवानाधारक प्लंबरकडून किंवा त्याच्या थेट देखरेखीखाली तपासल्या गेल्या पाहिजेत, असे त्यात सांगितले आहे. ही फेरी २०२० पासून सुरू झाली आणि शहराच्या निरनिराळ्या विभागांना निरनिराळी वर्षे नेमून देण्यात आली. वाहिनी इमारतीत शिरते तेथपासून सामाईक मार्गिका व यंत्रांच्या खोल्या यांतून हातातील वायुशोधक यंत्र फिरवावयाचे आणि गंज, झीज व बेकायदा जोडणी यांचा शोध घ्यावयाचा. अहवाल तीस दिवसांत मालकाच्या हाती व प्रमाणपत्र साठ दिवसांत इमारत विभागाकडे गेले पाहिजे. धोकादायक स्थिती आढळल्यास मात्र क्षणाचाही विलंब न करता कळवावयाचे. ज्या इमारतीत गॅसवाहिनीच नाही तिनेही तसे प्रमाणित करून द्यावयाचे असते. हे कलम वरकरणी हास्यास्पद वाटेल, परंतु वाहिनी नाही असे सांगणाऱ्याला आपल्या सहीनिशी ते सांगावे लागते.

या कायद्यालाही मर्यादा आहे. बिऱ्हाडाच्या दाराच्या आत तो जात नाही. आणि कठोर नियमाची किंमत सामान्य माणसालाच मोजावी लागते, हेही सांगितले पाहिजे. गळतीच्या संशयावरून पुरवठा तोडल्यानंतर दुरुस्ती, चाचणी व मंजुरी पुरी होईपर्यंत तेथील अनेक भाडेकरूंनी महिनोन्‌महिने विजेच्या लहान शेगडीवर स्वयंपाक केला आहे. नियम करताना तो वेळेवर पार पाडणारी माणसे पुरेशी नेमली नाहीत, तर चोरट्या जोडणीचा मोह वाढतो.

आपल्याकडील व्यवस्था पाहू. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत गॅसपुरवठ्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. ही संहिता मार्गदर्शक असून स्थानिक संस्थांनी आपल्या बांधकाम नियमांत अंतर्भूत केल्यावर ती बंधनकारक होते. तिच्यातील तत्त्वे जगन्मान्यच आहेत. वाहिनी उद्वाहकाच्या विवरातून किंवा धुराड्यातून नेऊ नये. तिचा उपयोग विजेच्या भूयोजनासाठी करू नये. न वापरलेले तोंड टोपण घालून बंद करावे. चाचणीसाठी वाहिनीत हवा किंवा नायट्रोजनासारखा निष्क्रिय वायू कामाच्या दाबाच्या किमान दीडपट दाबाने भरावयाचा आणि दाबमापकाचा काटा ठरलेल्या वेळेपर्यंत जागचा हलत नाही ना, हे पाहावयाचे. प्राणवायू यासाठी कदापि वापरू नये. गळती शोधण्यासाठी साबणाचे पाणी आहे. काडी ओढून पाहण्याची जुनी खोड जिवावर बेतणारी आहे. आणि ही चाचणी गिलावा चढण्यापूर्वी झाली पाहिजे. भिंतीत गेलेल्या सांध्याची साक्ष नंतर कोण देणार?

प्रत्यक्षात बिघाड होतो तो बहुधा यानंतर. कंपनीचा कारागीर वाहिनी बसवून व तपासून जातो. दोन वर्षांनी घरात नवे स्वयंपाकघर करावयाचे ठरते. सुताराला उघडी नळी डोळ्यांत खुपते आणि तो तिच्यावर कपाटे ठोकतो. झडप कपाटाच्या पाठीमागे जाते. कोणी सज्जा काचेने बंद करून घेतो आणि बाहेरच्या मोकळ्या हवेतून आलेली वाहिनी एकाएकी कोंदट खोलीत सापडते. कोणी फरशीवाल्याकडूनच नळी हातभर सरकवून घेतो. या प्रत्येक वेळी मूळ चाचणीचे प्रमाणपत्र फायलीत तसेच असते, पण ते ज्या वाहिनीविषयी दिले होते ती वाहिनी आता राहिलेली नसते. असा कोणताही फेरफार करण्यापूर्वी गॅसकंपनीला कळवावे व तिच्याच माणसाकडून तो करवून घ्यावा. सिलिंडरची शेगडीही परस्पर वाहिनीला जोडू नये. या वायूसाठी शेगडीची छिद्रे निराळ्या मापाची लागतात.

किनाऱ्यालगतच्या प्रदेशात आणखी एक शत्रू आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे इमारतीच्या बाहेरील लोखंडी नळीवर रंगाचा पापुद्रा सुटला की गंज झपाट्याने आत शिरतो. नळीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखाली पाणी मुरते आणि तेथे तो प्रथम धरतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांनी दरवर्षी पावसाळा सरताच या पट्ट्या पाहून घ्याव्यात आणि गंज दिसल्यास कंपनीला लेखी कळवावे. शेगडीची रबरी नळी पोलादी तारेचे अस्तर असलेली व भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असलेली घ्यावी, आणि तिच्यावर छापलेली मुदत उलटण्यापूर्वी ती बदलावी.

घरात दर्प आलाच तर विजेचे बटण दाबू नये, लावण्यासाठीही नाही आणि मालविण्यासाठीही नाही. झडप बंद करून खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि दूरध्वनी बाहेर गेल्यावरच करावा. थोड्या वेळाने वास येईनासा झाला म्हणून गळती थांबली असे समजू नये. नाकाला त्या वासाची सवय होते आणि ते दाद देईनासे होते. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारून पाहावे.

राहता राहिला कागदपत्रांचा भाग. वाहिनी बसली त्या दिवशीचे चाचणीचे प्रमाणपत्र, वाहिनी कोठून कशी गेली आहे याचा साधा नकाशा आणि मुख्य झडप कोठे आहे याची नोंद संस्थेच्या कचेरीत एका जागी ठेवावी. झडपेची जागा पहारेकऱ्यालाही दाखवून ठेवावी, कारण रात्री-अपरात्री तोच प्रथम धावतो. आणि सदनिका विकली जाईल तेव्हा त्या नकाशाची एक प्रत नव्या मालकाच्या हाती, त्याचा सुतार येण्यापूर्वी, पडेल असे पाहावे.