समोर बसलेला समाज : वऱ्हाडातील भीमगीत गायकांचे अनुभव

(संस्थेच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात गायक कलावंतांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आमचे चार शब्द आपल्यापुढे ठेवतो. आम्ही व्याख्याते नाही. आमची साधी गायन पार्टी आहे. काही साथीदार अकोल्याचे, काही मूर्तिजापूर, दर्यापूर, बडनेऱ्याकडचे. गेली तीस-पस्तीस वर्षे या दोन जिल्ह्यांतील गावोगावी आम्ही भीम-बुद्ध गीते गात आलो. समोर पेटी नसली म्हणजे हात कुठे ठेवावेत हे आम्हाला कळत नाही. तरी संस्थेने आग्रह केला की, श्रोत्यांसमोर गाताना तुम्हाला काय अनुभव आले ते विद्यार्थ्यांना सांगा. म्हणून उभे आहोत.

आमच्या सर्व अनुभवांचे सार एकच आहे. गायक घडतो तो समोर बसलेल्या समाजामुळे, आणि बिघडतो तोही त्याच्याचमुळे. ही गोष्ट आमच्या अंगावरून गेली आहे, म्हणूनच सांगण्याचे धाडस करतो.

मित्रांनो, आपली गाणी जन्माला आली तीच मुळी लोकांसमोर. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाची चौकट घेतली, त्यातील थिल्लरपणा टाकला आणि गाण्यातून, संवादातून बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत नेला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीला १९२२ साली जन्मलेले लोककवी वामनदादा कर्डक आयुष्यभर खांद्याला पिशवी लावून गावोगाव फिरले. २००४ साली ते गेले, पण त्यांची गाणी आजही अशा मायमाउल्यांच्या तोंडी आहेत की ज्यांनी त्यांचे पुस्तक कधी पाहिलेले नाही. हे कशामुळे झाले? त्यांनी चाली ओळखीच्या निवडल्या. चाल कानात आधीच असली म्हणजे श्रोता पहिल्याच ऐकण्यात ध्रुवपद उचलतो. सिनेमाच्या चालीवर गाणे का, असे आम्हालाही शिकलेली मंडळी विचारतात. आमचे उत्तर असे की, ते गाणे बसून ऐकण्यासाठी नव्हते, सोबत म्हणण्यासाठी होते.

आपल्या वऱ्हाडाचा श्रोता तर फारच तयार. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता. त्या काळापासून सभा ऐकण्याची, ऐकून घरी जाऊन त्यावर बोलण्याची सवय इथल्या माणसाला लागली. याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या कीर्तनाची रीत कशी? ते लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. उत्तर आले की त्याच उत्तराला धरून पुढचा प्रश्न. मुंबईत अखेरच्या काळात झालेल्या त्यांच्या एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. विद्यार्थ्यांनी ते अवश्य ऐकावे आणि लोकांचा आवाज किती वेळा येतो ते मोजावे.

अमरावतीतच १९३२ साली जन्मलेल्या गझलकार सुरेश भटांची उत्तरायुष्यात बुद्ध धम्माशी जवळीक जुळली, हे आपणांस ठाऊक आहे. ते आपली गझल स्वतः गाऊन सादर करीत. शेराची पहिली ओळ दोनदा-तीनदा म्हणायची, श्रोत्याला वाट पाहायला लावायची आणि मग दुसरी ओळ सोडायची. कव्वालीतही आम्ही तेच करतो. पहिल्या ओळीनंतर जी शांतता पडते ती श्रोत्याची जागा असते. ती त्याला दिली नाही तर दाद येत नाही.

आता आमच्या अनुभवाकडे वळतो. वऱ्हाडात जयंती १४ एप्रिलला सुरू होते, पण संपते मे महिन्याच्या शेवटी. सगळ्या गावांना एकाच रात्री गायन पार्टी कुठून मिळणार? म्हणून गावे तारखा वाटून घेतात. सुरुवातीच्या काळात आम्ही एस.टी.च्या टपावर पेटी बांधून जात असू. दर्यापूर, अंजनगावकडे जायचे तर मूर्तिजापूरहून शकुंतला रेल्वे होती, ती आता बंद आहे. दिवसभर पंचेचाळीस अंशांचे ऊन. त्या तापलेल्या हवेत ढोलकीचे पान ताणले जाते आणि आवाज चढतो. पावसाची सर येऊन गेली की तोच आवाज उतरतो. पेटीचा सूर मात्र जागचा हलत नाही. म्हणून आमचा ढोलकीवाला दर दोन गाण्यांनंतर कड्या सारीत असतो आणि तेवढा वेळ आम्ही निवेदन करतो. लोकांना वाटते आम्ही भाषण लांबवतो. खरे कारण ते कड्यांचे असते!

मोठ्या मैदानाचा अनुभव वेगळा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याला क्रिकेट क्लबच्या मैदानावर धम्म मेळावा भरतो. अशा अफाट गर्दीपुढे गाताना चेहरे दिसत नाहीत. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर-सव्वाशे मीटरवरच्या भोंग्यातून आलेला आपलाच आवाज सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याने मागे पडून कानावर येतो. त्याच्या नादी लागलो की ताल सुटलाच. तेथे कानांवर भरवसा न ठेवता ढोलकीवाल्याच्या हाताकडे पाहून गावे लागते. खेड्यात तीनशे माणसांपुढे गाताना मात्र समोरच्या बाईने पदर डोळ्याला लावला तर तोही दिसतो. आम्हाला विचाराल तर परीक्षा तीनशेंपुढेच अधिक कठीण असते.

असाच एक प्रसंग लोडशेडिंगच्या काळातला. दर्यापूर तालुक्यातील खारपाणपट्ट्यात एका गावी कार्यक्रम होता. रात्री दहाच्या सुमारास ऐन रंगात वीज गेली. माईक बंद, बेंजो बंद, ज्या बॅटरीवर भरवसा होता तीही बसलेली. आम्हाला वाटले, आता लोक सतरंज्या झाडून उठतील. पण लोक उठले नाहीत, उलट पुढे सरकले. मागे बसलेल्या बायाही पुढे आल्या. कोणीतरी कंदील आणून पेटीवर ठेवला. आम्ही बिनमाईकचे एक गाणे म्हटले, दुसरे म्हटले, आणि घसा बसला. तेव्हा पुढच्या रांगेतील एक आजी म्हणाली, “तुमी बसा बापू जराक. आता आमी म्हंतो.” आणि तिने जात्यावरची ओवी धरली. बाबासाहेबांची ओवी, बुद्धाची ओवी, रमाईची ओवी. एक बाई सोडी, दुसरी उचली. आम्ही तासभर नुसते ऐकत होतो. व्यासपीठावर श्रोते आणि खाली गायक, अशी ती रात्र झाली.

त्या रात्रीपर्यंत आमची समजूत अशी होती की, आम्ही प्रबोधन करतो आणि समाज ते घेतो. ती समजूत गळून पडली. ज्या ओव्या त्या बाया म्हणत होत्या त्या कोणा कवीने लिहून दिल्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा करविल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे आमची पार्टी जन्माला येण्यापूर्वीच हे गाणे घराघरांत पहाटे चालू होते. त्यानंतर प्रत्येक गावी आम्ही अर्धा तास राखून ठेवू लागलो आणि त्या वेळात गावच्या बायांना बोलावून म्हणायला लावू लागलो.

दुसरा प्रसंग सांगताना आम्हाला संकोच होतो. पण तो लपविला तर या भाषणाला अर्थ राहणार नाही. एक काळ कव्वालीच्या सामन्यांचा होता. एकीकडे गायक, दुसरीकडे गायिका, आणि रात्रभर सवाल-जवाब. सवाल इतिहासाचे असत, धम्माचे असत, तोवर सामना म्हणजे खेड्यातली शाळाच होती. नागपूरचे नागोराव पाटणकर यांच्यासारख्या कव्वालांनी हा प्रकार नावारूपास आणला. पण एखादी कोपरखळी मारली की टाळ्या अधिक पडत, नोटा अधिक येत. मग आम्हीही त्या वाटेला लागलो. एका रात्री आम्ही समोरच्या गायिकेच्या रूपावरून, वयावरून गाण्यात नको ते बोललो. पब्लिकने डोक्यावर घेतले. त्या रात्री जेवढे बक्षीस मिळाले तेवढे आधी कधी मिळाले नव्हते.

सकाळी ज्यांच्या घरी मुक्काम होता तेथे चहा घेत बसलो. घरची बाई शेतमजूर. तिने कप पुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच विचारले, “काऊन रे बापू, तुमी भीमाची गाणी म्हणाले आले होते ना?” आम्ही हो म्हटले. ती म्हणाली, “आमी निंदणाच्या मजुरीतून वर्गणी देल्ली. त्या बाईले वंगाळ बोलाले नाई देल्ली.” एवढे बोलून ती कामावर निघून गेली. तिने आवाज चढवला नाही. तो चहा आमच्या घशाखाली उतरला नाही.

बसस्टँडवर त्याच गायिकेची गाठ पडली. आम्ही माफी मागितली. ती म्हणाली, “भाऊ, तुम्ही बोललात ते एक वेळ सोडा. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या मुलीएवढ्या मुली होत्या, त्याचं वाईट वाटलं.” त्या दिवसापासून आमच्या पार्टीने तसले सामने सोडले. सुपाऱ्या कमी झाल्या. दोन साथीदार सोडून गेले, त्यांनाही संसार होता, त्यांना आम्ही दोष देत नाही. पण सभासद बंधूंनो, त्या रात्रीचा दोष आमचा, तसा टाळ्यांचाही होता, हे आम्ही नम्रपणे सांगतो. समाज ज्याला नोट देतो तेच गायक उद्या पुन्हा गातो.

काळ बदलला. कॅसेटी आल्या, तेव्हा लोक म्हणू लागले की हुबेहूब कॅसेटसारखे म्हणा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला असलेली बंदी कायम केली. रात्रभराचा कार्यक्रम तीन तासांवर आला. नियम योग्यच आहे, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आपलीच आहेत. पण पुढे मिरवणुकीत डी.जे. आला आणि त्याच्यापुढे पेटी-ढोलकी मुकी झाली. त्या आवाजात शब्द ऐकू येत नाही, आणि शब्द ऐकू आला नाही तर आपल्या गाण्यात उरते काय?

आणि मग २०२० ची जयंती आली. टाळेबंदीमुळे सर्वांनी १४ एप्रिल घरातच साजरी केली. आम्ही भिंतीला मोबाईल टेकवून गायलो. सूर बरोबर होते, ताल बरोबर होता. पण पहिली ओळ म्हणून थांबलो आणि समोरून काहीच आले नाही. किती थांबावे, केव्हा उचलावे, काही कळेना. तीस वर्षे गाणाऱ्यांचे गाणे चौथ्या मिनिटाला संपले. एकमेकांकडे पाहिले आणि पेटीचा भाता बंद केला. समोरची माणसे म्हणजे गाण्याचा अर्धा भाग होती, हे तेव्हा कळले.

लोकशाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच, मंचावर कोसळले आणि गेले. अखेरच्या क्षणीही समोर आपला समाज होता. कलावंताला याहून अधिक काय हवे असते?

म्हणून दोन विनंत्या करून आम्ही आपली रजा घेतो. सभासद बंधूंनो, जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा गाणाऱ्या कलावंतासाठी आधीच ठरवून ठेवा, म्हणजे त्याला नोटांकडे पाहून गावे लागणार नाही. बाईगायिका गावात आली तर तिच्या मुक्कामाची सोय आपल्या बहिणीसारखी करा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पुढच्या रांगेत बसा. मोबाईल खाली ठेवा. गाणे चांगले वाटले तर दाद द्या, चुकले तर सकाळी चहाच्या वेळी त्या माउलीसारखे तोंडावर सांगा. घरी आजी असेल तर तिच्या ओव्या वहीत उतरवून घ्या. आमची पेटी आज ना उद्या बंद होईल. तुमच्यापैकी कोणी ती उघडली, तर समोर ऐकणारा समाज शाबूत असला पाहिजे, एवढीच आमची इच्छा आहे.



जय भीम! नमो बुद्धाय!