मतभेदाचे मोजमाप

कोणतेही काम चार माणसांनी मिळून करावयाचे म्हटले की मतभेद आलाच. त्याला टाळण्याचे दोन मार्ग नेहमीच्या परिचयाचे आहेत. एक, अधिकाराने आज्ञा द्यावी आणि दुसऱ्यांनी ती मुकाट्याने पाळावी; दुसरा, सर्वांनी सौजन्याने गप्प बसावे. दोन्ही मार्गांनी शांतता लाभते. चूक मात्र जागच्या जागी राहते आणि पुढे ती वाढत्या किमतीने भोवते.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना हा अनुभव पुष्कळ आला. २००१ च्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा तज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा काढला. त्यातून जी कार्यपद्धती रूढ झाली, तिला अ‍ॅजाइल असे नाव आहे. लहान गट, एकदोन आठवड्यांचे कामाचे टप्पे, रोजची थोडक्यात बैठक आणि टप्पा संपताच झालेल्या कामाची उघड चिकित्सा, ही तिची ठळक लक्षणे होत. कोलकात्याच्या बिधाननगरातील सेक्टर पाच या भागात आज हजारो तरुण अशा गटांतून काम करतात. अशा गटात माणसे इतकी जवळ येतात की, मतभेद झाकून ठेवणे अशक्य होते. मग त्याचे करावयाचे काय, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे एक बोधप्रद उत्तर त्याच शहरात, फार पूर्वी, एका निराळ्याच कामात शोधले गेले होते. प्रशांतचंद्र महालनोबिस हे प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांच्या तेथील लहानशा प्रयोगशाळेतून १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था उभी राहिली. भारतात आलेला पहिला डिजिटल संगणक १९५६ साली याच संस्थेत कार्यान्वित झाला. तथापि प्रस्तुत विषयाशी निगडित असलेले तिचे कार्य त्याआधीचे आहे आणि ते शेताच्या बांधावर घडले.

बंगालमध्ये तागाचे पीक किती, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. तेथे कायमधाऱ्याची पद्धत होती. सारा जमीनदाराकडून ठरलेल्या रकमेने वसूल होई. त्यामुळे आपल्याकडील तलाठ्यासारखा गावोगावची पिके नोंदविणारा सरकारी नोकर तेथे नव्हता. अंदाज ऐकीव माहितीवर बांधले जात. १९३७ साली महालनोबिस यांनी तागाची नमुना पाहणी अगदी लहान प्रमाणावर सुरू केली. प्रत्येक हंगामाचा अनुभव पुढच्या हंगामात वापरीत, १९४१ पर्यंत ती बंगालच्या साऱ्या ताग-प्रदेशावर नेण्यात आली. छोट्या टप्प्याने जावे, शिकावे आणि मग विस्तार करावा, हेच सूत्र त्यात होते.

पाहणीसाठी शेकडो माणसे चिखलातून, होड्यांतून हिंडत. दोन माणसे एकाच मुलखात गेली तरी त्यांचे आकडे जुळत नसत. कोणी सूचना चुकीची समजे, कोणाचे मोजमाप सदोष असे, कोणी शेतापर्यंत न जाताच रकाने भरी. सामान्य कचेरीत अशा वेळी वरिष्ठ एकाला खरा आणि दुसऱ्याला खोटा ठरवितो. महालनोबिस यांनी निराळी व्यवस्था केली. एकाच प्रदेशात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निःपक्षपाती रीतीने दोन स्वतंत्र उपनमुने निवडावयाचे. एकातील शेते दुसऱ्यातील शेतांमध्ये मिसळलेली असत. प्रत्येक उपनमुना वेगळ्या तुकडीकडे सोपवावयाचा आणि शेवटी दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी मांडावयाची. योगायोगाने पडावे त्याहून अधिक अंतर आढळले, तर कामात कोठे तरी दोष आहे असे समजून शोध घ्यावयाचा.

या युक्तीचे मर्म वरवर दिसते त्याहून खोल आहे. येथे मतभेद अपघाताने उद्भवत नाही. तो आधीच योजलेला आहे. दोन तुकड्यांची उत्तरे वेगळी येणार हे सर्वांना आरंभीच माहीत असल्याने ती वेगळी आली म्हणून कोणाचा अपमान होत नाही. ‘चूक कोणाची?’ या प्रश्नाच्या आधी ‘अंतर किती?’ हा प्रश्न येतो, आणि अंतर मोजता आले की अर्धा संताप निवतो. शिवाय हे सर्व लवकर, हंगाम संपण्याच्या आसपासच कळते. वर्षानुवर्षे साचत नाही.

हा केवळ बौद्धिक खेळ नव्हता. १९४३ साली बंगालवर दुष्काळाचा घाला पडला. चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज सुमारे १५ लाख दिला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या घरात नेला. त्या आपत्तीची कारणे अनेक होती. परंतु भात किती पिकले आहे याचा विश्वसनीय आकडा राज्यकर्त्यांच्या हाती नव्हता, ही गोष्ट तेव्हा सर्वांच्या डोळ्यांपुढे आली. चुकीच्या आकड्यांवर सर्वांचे एकमत असणे किती महाग पडू शकते, याचे याहून दारुण उदाहरण शोधण्याची गरज नाही.

तथापि या पद्धतीलाही एक मर्यादा होती, आणि ती दाखवून देण्याचे काम एका मराठी शास्त्रज्ञाकडे आले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. लंडनमध्ये उच्च शिक्षण घेऊन आल्यावर ते दिल्लीच्या कृषि संशोधन परिषदेत रुजू झाले. महालनोबिस यांच्या तुकड्या उभ्या पिकात लहान वर्तुळ आखून तेवढेच कापीत. सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात असा आक्षेप मांडला की, तुकडा फार लहान असला तर कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो आणि उत्पन्न फुगते. हा दोष दोन्ही तुकड्यांत सारखाच असेल, तर त्यांची उत्तरे बिनचूक जुळतील आणि तरीही दोन्ही चुकीची असतील. अंतर्गत तुलनेने तो कधीच उघडकीस येणार नाही. गटातील एकमत हा सत्याचा पुरावा नव्हे. त्यासाठी बाहेरचा आक्षेपक लागतो.

वाद एवढ्यावर थांबला नाही. पाहणी कोणी करावी, याविषयीही दोन पक्ष होते. महालनोबिस यांना स्वतंत्र, शिकवून तयार केलेली माणसे हवी होती. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांचा भर महसूल व शेती खात्यांच्या असलेल्या नोकरवर्गावर होता. वाद वर्षानुवर्षे चालला आणि त्यात कटुताही आली. आज दुरून पाहता त्याचे एक मूळ स्पष्ट दिसते. बंगालमध्ये गावचा महसुली नोकर नव्हता, म्हणून कोलकात्याने नवी माणसे उभी केली. मुंबई प्रांत, वऱ्हाड व उत्तरेकडील अनेक भागांत तलाठी किंवा पटवारी होता, म्हणून दुसऱ्या पक्षाला त्याचा आधार घेणे स्वाभाविक वाटले. प्रत्येक पक्ष आपल्या मुलखातील अनुभव सिद्धांताच्या भाषेत बोलत होता.

पुढे काय झाले, हेही उद्बोधक आहे. पिकांच्या अंदाजासाठी राज्याराज्यांत जे कापणी प्रयोग रूढ झाले, त्यांत खात्याच्या नोकरांकडून काम घेण्याची कृषि परिषदेची रीत टिकली. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत स्वतंत्र उपनमुन्यांची कोलकात्याची युक्ती दीर्घकाळ वापरली गेली. या पाहणीच्या पहिल्या फेरीत कोणते प्रश्नपत्रक चांगले यावर नुसता खल करण्यापेक्षा, कोलकात्याच्या अनुसूचीबरोबर पुण्याच्या गोखले संस्थेची अनुसूचीही प्रत्यक्ष गावांत नेण्यात आली. वि. म. दांडेकर यांनी या पुणे-अनुसूचींवरील अहवाल स्वतंत्रपणे सिद्ध केला. वादाचा विषय शक्य तेथे प्रयोगाचा विषय करावा, ही जाण त्यामागे होती.

संगणकाच्या पडद्यापुढे बसणाऱ्या गटाला यातून तीन गोष्टी घेता येतील. दोघांमध्ये तंटा असेल, तर दोघांनाही कामाचा लहान भाग स्वतंत्रपणे करून पाहू द्यावा आणि फरक कामात पाहावा. टप्प्याच्या अखेरीस सर्वांचे एकमत झाले, की ते काम प्रत्यक्ष वापरणाऱ्या एखाद्या बाहेरच्या माणसासमोर ठेवावे. आणि सहकारी हट्टाने विरोध करू लागला, तर तो कोणत्या मुलखातून आला आहे, कोणत्या अडचणी त्याने सोसल्या आहेत, हे आधी विचारावे.

यामुळे सर्व भांडणे मिटतील असे नाही. महालनोबिस आणि सुखात्मे यांचे मत अखेरपर्यंत एक झाले नाही. तरीही भारतातील धान्याचा आणि दारिद्र्याचा हिशेब आज ज्या पद्धतींवर उभा आहे, त्यांत दोघांचाही वाटा आहे. मतभेद कायम ठेवूनही काम पुढे नेता येते. मात्र तो मोजता येईल अशा जागी मांडण्याचे धैर्य लागते.