ध्वनीमागचे हात



नाट्यगृहात लाउडस्पीकर किंचाळला की साऱ्या माना मागे वळतात. तेथे यंत्रापुढे कोणी माणूस बसला आहे हे प्रेक्षकांना त्या एका क्षणी कळते. प्रयोग निर्दोष झाला तर कळतच नाही. जे काम जाणवू नये हीच त्याची कसोटी, त्याचे मोल करायचे कोणी? न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर हा वाद उघडपणे झडला.

टोनी पारितोषिके तेथे १९४७ पासून दिली जातात. ध्वनिसंकल्पनेला त्यांत स्थान मिळाले ते २००८ साली. सहाच वर्षांनी, जून २०१४ मध्ये, नियामक समितीने नाटक व संगीतिका असे तिचे दोन्ही विभाग रद्द केले. पुष्कळ मतदारांना या कामाची पारख करता येत नाही, असे कारण तेव्हाच्या वृत्तांतून पुढे आले. परीक्षकाला विषय उमगत नाही म्हणून विषयच काढून टाकायचा, हा न्याय मोठा सोयीचा!

२०१६ मध्ये ‘हॅमिल्टन’ या संगीतिकेने ११ टोनी पटकावली. तिच्यातील वेगवान रॅपचा शब्दन्‌शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही, तर उरते काय? प्रकाशयोजनेला पारितोषिक मिळाले, वेशभूषेला मिळाले; ध्वनिसंकल्पक नेविन स्टाइनबर्ग यांच्या कामासाठी त्या वर्षी विभागच नव्हता. सहकाऱ्यांनी निषेधाच्या सह्या गोळा केल्या, पाठपुरावा सोडला नाही. २०१८ च्या समारंभात दोन्ही विभाग परतले, आणि मताधिकार जाणकारांपुरता ठेवला गेला.

हे यश खरेच. परंतु पारितोषिक मिळते संकल्पकाला. तो पहिल्या प्रयोगानंतर दुसऱ्या नाटकाकडे वळतो. आठवड्याचे आठही प्रयोग निभावले जातात ते कन्सोलवरच्या तंत्रज्ञांच्या बोटांवर. संगीतिकेत प्रत्येक नटाचा मायक्रोफोन त्याच्या वाक्यापुरता उघडायचा आणि वाक्य संपताच मिटायचा. सगळे एकदम उघडे राहिले तर नुसता गलबला होतो. नटाचा घसा बसलेला असो, एखादी ओळ गळलेली असो, बोटांनी त्याच्याबरोबर धावले पाहिजे. संहिता या तंत्रज्ञाला नटाइतकीच मुखोद्गत असावी लागते. न्यूयॉर्कच्या रंगमंच-कामगारांची संघटना १८८६ पासून उभी आहे, म्हणून त्याचे वेतन आणि कामाचे तास तरी करारात बांधलेले आहेत. टोनीच्या स्पर्धेत त्याच्या कामाला अद्याप विभाग नाही.