पायाचे दुखणे आणि मापाची वहाण
(बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





माझा विषय आहे पायाचा. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. पण काउंटरवरून पेन्शनच्या रांगेकडे पाहिले की निम्मी माणसे या पायावरचा भार त्या पायावर देत उभी दिसतात. कुणाची टाच दुखते, कुणाची पोटरी, कुणाचा गुडघा. आपल्या भंडारा जिल्ह्यात बायाबापड्यांचे आयुष्य धानाच्या बांधीत, रोवणीच्या चिखलात उघड्या पायांनी जाते. ते पाय कधीतरी हिशेब मागतातच.

तळपायाला कमान असते. टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला एक जाड पट्टा ती कमान ताणून धरतो. वजन वाढले, कडक जमिनीवर तासन्‌तास उभे राहावे लागले, किंवा कमान मुळातच सपाट असली, की या पट्ट्यावर ताण येतो. मग सकाळी उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत खिळा टोचल्यासारखे होते. पाऊल आत कलले तर त्याचा ताण पोटरी, गुडघा आणि कंबरेपर्यंत पोचू शकतो.

अशा वेळी पायाच्या मापाचा आतला सोल, म्हणजे इन्सोल, उपयोगी पडतो. प्लॅस्टरने किंवा फोमवर पायाचा ठसा घेतात आणि त्याबरहुकूम सोल घडवतात. कमानीला आधार, टाचेला खोलगट बैठक, चवड्याखाली लहानशी गादी. एक पाय आखूड असेल तर त्या बाजूची टाच उंच करतात. यात जादू काही नाही. एका जागी पडणारा भार सगळ्या तळपायावर वाटला जातो, एवढेच. मात्र साध्या टाचदुखीला महागडा मापाचा सोलच हवा असे नाही. बाजारातला तयार सोल, पोटरी ताणण्याचा व्यायाम आणि मऊ चप्पल यांनीही पुष्कळांना आराम पडतो. म्हणून आधी डॉक्टरांना पाय दाखवावा, पैसे नंतर खर्च करावेत.

पण दुखणाऱ्या पायापेक्षा न दुखणारा पाय जास्त धोक्याचा, हे मी घरीच शिकलो. माझ्या आईला पंधरा वर्षांपासून शुगर. दोन वर्षांपूर्वी अशाच बुद्ध पौर्णिमेला, भर दुपारी, ती वंदनेसाठी तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली. संध्याकाळी तळपायाला फोड दिसले. तिला चटका कळलाच नव्हता. जखम चिघळली आणि शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला. दोष कुणाचाच नव्हता. तिच्या पायातील संवेदना गेली आहे, हे आम्हालाच ठाऊक नव्हते.

हा धडा कुष्ठरोग्यांच्या सेवेतून जगाला फार पूर्वी मिळाला होता. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरोग्याच्या पायाला पडणाऱ्या जखमा मांस सडल्याने होत नाहीत. वेदना कळत नसल्याने त्याच जागी पुन्हा पुन्हा भार पडतो, म्हणून होतात. त्यावर उपाय निघाला मऊ एमसीआर रबराच्या चपलेचा. कुष्ठरोग कार्यक्रमातून ही चप्पल रुग्णांना मोफत मिळते. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू झाले, पुढे वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. आपल्या विदर्भाला हे दुःख परके नाही. मधुमेहाने बधिर झालेल्या पायालाही तोच नियम लागू आहे. तिथे मापाची वहाण हा चैनीचा विषय नसून पाय वाचवण्याचा आहे.

आता कुणी म्हणेल, विहारात चप्पल कशी चालेल? बंधूंनो, विनयपिटकातील महावग्गात पादत्राणांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. सोण कोळिविस हा श्रीमंत घरचा भिक्षू चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेई. भगवंतांनी त्याला एकपदरी वहाण घालण्याची परवानगी दिली. तो म्हणाला, सगळ्या संघाला मिळत असेल तरच मी घालीन. तेव्हा भगवंतांनी ती सर्वांना दिली. पुढे आरामात म्हणजे विहाराच्या आवारात वहाण घालण्यास मनाई झाली. पण पायाच्या दुखण्याने बेजार झालेल्या एका भिक्षूला इतर भिक्षू धरून शौचाला नेत आहेत, हे भगवंतांनी पाहिले. त्यांनी विचारपूस केली आणि ज्याचे पाय दुखतात, फुटले आहेत किंवा ज्याला कुरूप झाले आहे, त्याला वहाण घालण्याची मुभा दिली. नियम माणसासाठी आहे, हेच यातून दिसते.

ज्या समाजाला गावातून जाताना वहाणा हातात घ्यायला लावले गेले, त्या समाजाने तरी आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या पायाकडे दुर्लक्ष करू नये.

म्हणून माझी समितीला नम्र विनंती आहे. उन्हाळ्यात विहाराच्या अंगणात भिजवलेली तरटे अंथरावीत. शुगरच्या आणि बधिर पायाच्या रुग्णांसाठी आत घालायच्या स्वच्छ, मऊ चपला दाराशी ठेवाव्यात. वर्षातून एकदा जिल्हा सामान्य रुग्णालयातील डॉक्टरांना बोलावून पायांची तपासणी ठेवावी. एका बारीक नायलॉनच्या तंतूने, पाच मिनिटांत, पाय बधिर आहे की नाही हे कळते. आणि घरोघरच्या लेकी-सुनांनी, मुलांनीही, रोज रात्री आपल्या वडीलधाऱ्यांचे तळपाय उजेडात पाहावेत.

आईचे तळपाय आता मी रोज पाहतो. ती संकोचाने पाय ओढून घेते. मी म्हणतो, आई, आयुष्यभर तू आमच्यासाठी चाललीस, आता एवढे तरी करू दे.

जय भीम! नमो बुद्धाय!