दोर भारी, पण फांदी कुठली?

खेडला घरी गेलो की मागच्या रायवळ आंब्यावर चढायचं, हा माझा लहानपणापासूनचा नाद. यंदा पहिल्यांदाच हार्नेस, हेल्मेट, दोर असा जामानिमा नेला. आणि दोरातच चुकलो! मित्राचा रॉक क्लाइंबिंगचा डायनॅमिक दोर उचलला होता. पडणाऱ्याला झटका बसू नये म्हणून तो ताणला जातो. त्यावर लटकून वर सरकताना निम्मी ताकद त्या ताणातच गेली. झाडासाठी कमी ताणाचा, साधारण ११ मिलिमीटरचा दोर घ्या; त्यावर ईएन १८९१ लिहिलेलं बघा. गुरं बांधायचा नायलॉनचा तर नकोच.

नवा दोर आला, फांदीवरून टाकला. काका खालून म्हणाले, "दोर झकास आहे रे, पण फांदी कुठली धरलीस?" बाजूला उभं राहून दोघांनी जोर लावला. कडाड! फांदी खाली. आतून वाळलेली. मी जी हिरवी पानं बघून भुललो, ती बांडगुळाची होती. मी एकटा वर असतो तर?

आता आधी बांडगूळ बघतो, मांडीएवढी जिवंत फांदी निवडतो, दोघांचं वजन टाकून बघतो. शेवग्यावर चढतच नाही, फार ठिसूळ. काका मात्र अजून हेल्मेट घालत नाहीत. भांडण चालू आहे.