मनोरा सामायिक, मालकी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्र शिकवीत असताना ‘नैसर्गिक मक्तेदारी’ हे प्रकरण आले की मी नळाच्या पाण्याचे उदाहरण देत असे. एका गल्लीत दोन कंपन्यांनी दोन नळयोजना टाकणे हा समाजाच्या पैशाचा अपव्यय आहे, हे विद्यार्थ्यांना चटकन पटे. आज शिकवायचे झाले तर मी मोबाइलच्या मनोऱ्याचे उदाहरण घेईन. जागा घेणे, मनोरा उभारणे, वीज आणणे, बॅटऱ्या व डिझेलचे जनित्र ठेवणे हा बहुतेक खर्च आधीच करावा लागतो. मनोऱ्यावर एक कंपनी असो की तीन, तो तिपटीने वाढत नाही.

हे सत्य स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांना आपल्या आधी उमगले, हे कबूल केले पाहिजे. भारती, व्होडाफोन आणि आयडिया या कंपन्या जाहिरातींतून एकमेकींचे ग्राहक ओढीत होत्या, त्याच काळात, २००७ साली, तिघींनी मिळून इंडस टॉवर्स ही कंपनी काढली. पहिल्या दोघींचा वाटा प्रत्येकी ४२ टक्के, तिसरीचा १६. दुकानापुढे भांडण आणि मागच्या दाराने भागीदारी! पण मी याला नावे ठेवणार नाही. शेजारीशेजारी तीन मनोरे उभे राहण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचे. प्रश्न वाचलेल्या पैशाचा आहे.

तो प्रश्न २०१० नंतर अधिक टोकदार झाला. त्या वर्षीच्या थ्रीजी लिलावातून सरकारला सुमारे ६७ हजार ७०० कोटी रुपये मिळाले. मात्र एकाही खाजगी कंपनीला सर्व २२ परिमंडळांत लहरी मिळाल्या नाहीत. तेव्हा याच तिघींनी करार केला की ज्या परिमंडळात माझ्यापाशी लहरी नाहीत, तेथे माझ्या ग्राहकाला तुझ्या जाळ्यावरून सेवा मिळावी. लहरी न घेता सेवा विकणे हा परवान्याचा भंग आहे, असे म्हणून दूरसंचार विभागाने डिसेंबर २०११ मध्ये ही व्यवस्था थांबविण्याचा हुकूम काढला; पुढे दंडही ठोठावला. एप्रिल २०१४ मध्ये दूरसंचार लवादाने कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. कायद्याचा कीस मी काढीत नाही. वाद सरकारी तिजोरी आणि कंपन्या यांच्यातला होता. बचतीतील किती हिस्सा ग्राहकाच्या पदरात पडावा, हा त्या वादाचा विषयच नव्हता.

मधल्या काळात बाजारही आकसला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही खाजगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढविले. मी याला संगनमत म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. तीनच विक्रेते उरले की संगनमताची गरजही पडत नाही, एवढे मात्र पाठ्यपुस्तकातच आहे.

यावर ‘सारे सरकारनेच चालवावे’ असे उत्तर आपल्यापैकी काहीजण देतील. दूरध्वनीच्या जोडणीसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत होते, तेव्हा आपण त्या खात्याची किती तरफदारी केली, हे मी विसरलेलो नाही.

स्पेनमधील कॅटलोनियाकडे पाहावे. ओसोना भागातील खेडी मोठ्या कंपन्यांना परवडत नव्हती. तेथे २००४ पासून लोकांनी आपापल्या छपरांवर अँटेना बसवून बिनतारी जाळे विणले. त्याचे नाव गुइफी. त्याचे तीस हजारांहून अधिक जोडबिंदू झाले, नंतर त्यात प्रकाशतंतूही आला. लहान इंटरनेट कंपन्या याच जाळ्यावर एकमेकींशी स्पर्धा करतात. जाळे मात्र कोणा एकीचे नाही. वापर अधिक व गुंतवणूक कमी असेल, तिने इतरांना भरपाई द्यावी, असा हिशेब प्रतिष्ठानाच्या देखरेखीखाली मांडला जातो. स्पर्धा सेवेत आहे, रस्ता सामाईक आहे. अर्थात वायफायच्या लहरींना तेथे परवाना लागत नाही. मोबाइलच्या लहरी लिलावातल्या. म्हणून ते चित्र जसेच्या तसे उचलता येणार नाही.

तरीही आपल्याकडे एक फट उघडली आहे. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील पाच टक्के आकारणीतून ग्रामीण सेवेसाठी निधी जमतो. २०२३ च्या कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले. या पैशातून उभारलेल्या मनोऱ्यांवर, मनोरा कोणत्याही कंपनीने बांधलेला असो, बीएसएनएल, एअरटेल व जिओ या तिघांच्याही ग्राहकांना फोरजी मिळावे, अशी सोय जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली. सुमारे २७ हजार मनोरे, ३५ हजार ४०० हून अधिक गावे. म्हणजे ज्या सामायिकतेवरून एकेकाळी दंड झाला, तीच आता सरकारी धोरण आहे. फरक इतकाच की येथे पैसा सार्वजनिक आहे, आणि म्हणून हिशेब मागण्याचा अधिकारही आपला आहे.

मनोऱ्याची देखभाल कोण करतो, वीज गेल्यावर तो किती तास चालतो, एक कंपनी दुसरीकडून काय आकारते, स्थानिक लहान सेवादात्याला त्यावर जागा मिळते का, हे तालुक्यातालुक्यांत विचारावे लागेल. पुढच्या बैठकीस येताना प्रत्येकाने आपल्या भागातील अशा मनोऱ्यांची यादी आणावी. मी ग्रामपंचायतीपासून सुरुवात करणार आहे.